निवृत्तीनंतर घरचं मिलिंग मशीन: ताकद कमी, वेळ भरपूर

नोकरी संपल्यावर घरातल्या एखाद्या खोलीत छोटं मिलिंग मशीन बसवायचं आणि छंद म्हणून धातूकाम करायचं, हा विषय मंगरूळपीरसारख्या तालुक्याच्या गावात जरा वेगळा वाटेल. बागकाम, भजन, वाचन हे छंद आपल्या ओळखीचे आहेत. लोखंड कापण्याचा छंद म्हटलं की लोक विचारतात, "आता या वयात वर्कशॉप टाकता का?" वर्कशॉप नाही टाकायचं. पण ग्रॅच्युइटीतला मोठा तुकडा त्यात जाणार असतो आणि बोट व लोखंड यांतला फरक मशीनला कळत नाही. म्हणून घेण्याआधी हे यंत्र काय करू शकतं, काय नाही, ते नीट समजून घेऊ.

हा छंद नवा नाही. इंग्लंडमध्ये १८९८ साली पर्सिव्हल मार्शल यांनी घरगुती यंत्रकाम करणाऱ्यांसाठी 'मॉडेल इंजिनिअर' हे मासिक सुरू केलं. आपल्याकडे पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांच्या छंदातून उभं राहिलेलं लघुरेल्वेचं संग्रहालय १९९८ पासून लोकांना पाहायला मिळतं. आणि नमुना शोधायला लांब कशाला जायचं? शेजारच्या कारंज्यातून पूर्वी धावणारी शकुंतला आहेच. तिचं वाफेचं इंजिन १९२१ साली मँचेस्टरला तयार झालं, १९२३ पासून धावलं आणि १९९४ मध्ये निवृत्त झालं. रुळांमधलं अंतर ७६२ मिलिमीटर. त्याला २४ ने भागा, पावणेबत्तीस येतं. म्हणजे ३२ मिलिमीटरच्या रुळावर शकुंतलेची चोविसाव्या हिश्शाची प्रतिकृती जवळजवळ अचूक बसते. हिशोब इतका सोयीचा आहे की कुणीतरी ती करायलाच हवी!

आता मशीनकडे येऊ. लेथ आपण सगळ्यांनी पाहिला आहे. तिथे काम फिरतं आणि हत्यार स्थिर राहतं. मिलिंगमध्ये उलट. कटर फिरतो आणि टेबलावर व्हाइसमध्ये धरलेलं काम त्याच्याखाली सरकतं. गोल वस्तू लेथवर होते. सपाट बाजू, खाच, चावीचा गाळा मिलिंगवर.

कारखान्यातलं मिलिंग मशीन टनाच्या आसपास, कधी त्याहूनही जड असतं. घरी येतं ते साधारण पन्नास-साठ किलोचं. फरक फक्त आकाराचा नाही. वजन म्हणजे इथे ताठपणा. कटर लोखंडाला ढकलतो तेव्हा लोखंडही कटरला, आणि कटरमार्फत अख्ख्या मशीनला ढकलतं. हलकं मशीन थरथरतं, कामावर लाटा उमटतात, कटरचे दात झडतात.

यातलं एक गणित डोक्यात पक्कं ठेवा. कटर धारकातून दुप्पट बाहेर काढला तर तो दुप्पट नाही, आठपट वाकतो. व्यास निम्मा केला तर सोळापट वाकतो. म्हणून कटर शक्य तितका जाड घ्यायचा आणि शक्य तितका आखूड धरायचा. छोट्या मशीनवरची निम्मी दुखणी एवढ्याने जातात.

उरलेल्या निम्म्यांवर औषध म्हणजे वेळ. उदाहरण घेऊ. मळणी यंत्राच्या २५ मिलिमीटरच्या शाफ्टला चावीचा गाळा पाडायचा आहे. अशा शाफ्टला ८ मिलिमीटर रुंदीची चावी लागते आणि शाफ्टमध्ये गाळा ४ मिलिमीटर खोल. मोठं मशीन हे एक-दोन फेऱ्यांत उरकेल. आपण प्रत्येक फेरीत पाव मिलिमीटर घ्यायचा, म्हणजे सोळा फेऱ्या. ५० मिलिमीटर लांबीला एका फेरीस सुमारे एक मिनिट. मांडामांड धरून पाऊण तास. कारखानदाराला हा पाऊण तास परवडत नाही. आपल्याला दुपारच्या चहापर्यंत दुसरं काय काम असतं, सांगा बरं? घरचं मशीन ताकदीच्या बदल्यात वेळ मागतं, आणि निवृत्त माणसाकडे तोच असतो.

कटरचे फेरे किती ठेवायचे? साध्या लोखंडाला हाय-स्पीड स्टीलच्या कटरने मिनिटाला २५ मीटर हा कापण्याचा वेग धरा. २५ ला हजारने गुणा, कटरच्या परिघाने भागा. १० मिलिमीटरच्या कटरला मिनिटाला सुमारे ८०० फेरे येतात, २० मिलिमीटरला ४००. ॲल्युमिनियमला याच्या तिप्पट चालतं.

दिशेचंही भान हवं. हँडल उलट फिरवलं की टेबल लगेच हलत नाही. स्क्रू आणि नट यांत थोडी मोकळीक असते. कटरचे दात टेबलाच्या चालीविरुद्ध ढकलत असतील तर ही मोकळीक एकाच बाजूला दाबलेली राहते. दात चालीच्याच दिशेने ओढू लागले, तर उताराला लागलेली बैलगाडी जशी बैलांच्या अंगावर जाते तसं टेबल पुढे झेपावतं, आणि कटर मोडतो. छोट्या मशीनवर विरुद्ध दिशेनेच कापा. मापही नेहमी एकाच बाजूने येऊन घ्या.

बरेच जण विचारतात, "घरी ड्रिल मशीन आहे, त्याखाली सरकणारा व्हाइस लावून चालेल का?" नाही. ड्रिल मशीन वरून खाली दाब घेण्यासाठी असतं. बाजूने जोर आला की चकचा टेपर सुटतो आणि फिरता चक कटरसकट खाली येतो. कटर कोलेटमध्येच धरायचा आणि कोलेट वरून बोल्टने खेचलेला हवा.

मशीनच्या किमतीवर पैसे संपवू नका. व्हाइस, कोलेट, कटर, व्हर्नियर, डायल गेज यांवर जवळजवळ तितकाच खर्च होतो. त्याआधी काही महिने कानस आणि हॅक्सॉवर काढावेत असं आम्हाला वाटतं. कानशीने एक बाजू सपाट करून पाहिली की सपाट म्हणजे काय ते हाताला कळतं. भंगारातला तुकडा मशीनवर चढवण्याआधी त्यावरही कानस घासा. ती नुसती घसरली तर पोलाद कडक आहे. कटर वाया घालवू नका.

पहिलं काम इंजिनाचं नको. सहा बाजू काटकोनात असलेला एक ठोकळा करा. पहिली बाजू सपाट झाली की ती व्हाइसच्या स्थिर जबड्याला टेकवायची आणि सरकत्या जबड्याच्या बाजूला एक गोल सळी घालायची. सळीमुळे दाब एका रेषेवर येतो आणि सपाट बाजू स्थिर जबड्याला पूर्ण चिकटते. गुण्या लावून उजेडात पाहा. मे महिन्यात दुपारी पत्र्याखाली माप घेत असाल तर हेही लक्षात ठेवा: १०० मिलिमीटर लोखंड दहा अंशांनी तापलं की एका मिलिमीटरचा शंभरावा भाग वाढतं, ॲल्युमिनियम त्याच्या दुप्पट. सकाळी जुळलेलं दुपारी जुळत नाही, ते यामुळेही.

आता शरीराबद्दल, कारण आपण पंचविशीतले नाही. हातमोजे घालून फिरत्या कटरजवळ जायचं नाही; कटर मोजा धरतो आणि मोज्याबरोबर हात. अंगठी, घड्याळ, मनगटातला गंडादोरा काढून ठेवा. उपरणं आणि सैल बाह्या नकोत. वाचायचा चष्मा म्हणजे सुरक्षेचा चष्मा नव्हे. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर छोटी चीरही लवकर थांबत नाही, हे घरच्यांना माहीत असू द्या. मधुमेह असलेल्यांनी बंद बूट घालावेत. पायाची संवेदना कमी झालेली असेल तर घुसलेला कीस कळतही नाही आणि जखम चिघळते. ते बूट खोलीतच काढा, घरात नातवंडं रांगत असतात. आणि वीज! ती जाते, मग अचानक येते. वीज गेल्यावर आपोआप बंद होणारा आणि पुन्हा दाबल्याशिवाय चालू न होणारा स्विच बसवून घ्या. अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या.

एक चिठ्ठी आली आहे: "आधी लेथ घ्यावा की मिलिंग?" शकुंतलेचं इंजिन करायचं असेल तर आधी लेथ, कारण चाकं, सिलिंडर, दट्ट्या सगळं गोल. पण शेतीच्या अवजारांची दुरुस्ती, खाचा, पट्ट्या, ब्रॅकेट असं काम मनात असेल तर आधी मिलिंग. गोल काम गावातला लेथवाला करून देतो. त्याच्याकडे जाताना माप कागदावर लिहून न्या, आणि गर्दीच्या हंगामात, पेरणीच्या तोंडावर, जाऊ नका.