टाकळा, गोवा पावडर आणि नायटा

पहिल्या पावसानंतर पंधरवड्यातच बोरिवली, मुलुंड, अंधेरी स्टेशनांबाहेर रानभाज्यांच्या टोपल्या लागतात. नॅशनल पार्क आणि आरेतल्या पाड्यांवरच्या बायका टाकळ्याच्या कोवळ्या जुड्या घेऊन बसतात. प्रत्येक पानाला पर्णिकांच्या तीन जोड्या, टोकाकडे रुंद आणि गोलसर. दिवेलागणीला त्या मिटून जातात. लसूण, कांदा आणि भिजवलेली चणाडाळ घालून परतली की ही उग्र वासाची भाजी भाकरीबरोबर झकास लागते.

श्रावण सरला की टाकळा कोणी विचारत नाही. मग मोकळ्या प्लॉटवर, रेल्वेच्या कुंपणालगत त्याला पिवळी फुलं येतात आणि बारीक, वाकड्या शेंगा लोंबू लागतात. औषध खरं तर त्या शेंगांत. बिया लिंबाच्या रसात वाटून नायट्यावर, गजकर्णावर लेप द्यायचा, हा जुना घरगुती उपाय. आयुर्वेदातही टाकळा, म्हणजे चक्रमर्द, त्वचारोगांवरच सांगितला आहे.

१९७५ मध्ये आचार्य आणि चटर्जी या संशोधकांनी या बियांतला बुरशीला मारक असा मुख्य घटक वेगळा काढला: क्रायसोफॅनिक आम्लाचा अँथ्रोन. रसायनशास्त्रज्ञ या रेणूला आधीपासून ओळखत होते, आणि त्या ओळखीत मुंबईचाही वाटा होता.

एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या बाजारात नायट्यावर ‘गोवा पावडर’ विकली जाई. मुंबईतले औषधविक्रेते केम्प यांनी १८६४ मध्ये तिची माहिती इंग्लंडला कळवली. पावडर गोव्याची नव्हतीच. ब्राझीलमधल्या अरारोबा या झाडाच्या खोडातल्या पोकळ्यांतून ती खरवडून काढत आणि पोर्तुगीज व्यापारातून ती इकडे येई. अरारोबासुद्धा शेंगवर्गीयच! तिच्यातला मुख्य घटक क्रायसारोबिन, म्हणजे टाकळ्याच्या बीतला तोच अँथ्रोन. पुढे सोरायसिसवर त्याचा गुण दिसला आणि १९१६ मध्ये जर्मनीत त्याच्या धर्तीवर डिथ्रॅनॉल हे कृत्रिम औषध तयार झालं. सोरायसिसवर ते आजही वापरतात. कपड्यांना आणि कातडीला त्याचे तपकिरी डाग पडतात ते हा रेणू हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावतो म्हणून.

सात समुद्रांपलीकडून जे आणलं जात होतं, ते साष्टीच्या माळावर दर पावसाळ्यात फुकट उगवत होतं.

टाकळ्याच्या भाऊबंदांचं औषधही अँथ्रोनच्या याच तीन कड्यांच्या सांगाड्यावर उभं आहे. एप्रिल-मे महिन्यांत उपनगरांतले रस्ते पिवळे करणाऱ्या बहाव्याच्या शेंगेतला काळा मगज सौम्य रेचक आहे. सोनामुखीतले रेचक घटक, सेनोसाइड, पोटातून जसेच्या तसे पुढे सरकतात, मोठ्या आतड्यातले जिवाणू ते फोडतात आणि मगच ते काम करतात. म्हणून रात्री घेतलेल्या गोळीचा परिणाम सकाळी दिसतो.

याच भाऊबंदांतला कासविंदा मात्र जपून. पश्चिम उत्तर प्रदेशात मुलं अचानक दगावत, तो मेंदूज्वर समजला जाई. २००७ मध्ये बिजनौरचे डॉ. विपिन वशिष्ठ आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की मुलांनी कासविंद्याच्या बिया खाल्ल्या होत्या. यकृत, स्नायू आणि मेंदू या तिन्हींवर त्यांचा घाला पडतो. कासविंदाही उपनगरांतल्या पडीक जागांवर टाकळ्याशेजारीच वाढतो. त्याच्या पर्णिका टोकदार असतात, जोड्या तीनहून जास्त आणि शेंगा चपट्या. टाकळा स्वतः खुडणार असाल तर आधी जोड्या मोजा, आणि मुलांना कुठल्याही रानशेंगेच्या बिया तोंडात घालू देऊ नका.