पंप पाठीवरचा आणि खिशातला

रत्नागिरीच्या माणसाला समुद्राचे कौतुक सांगायला नको. पण आपण बहुतेकांनी तो वरूनच पाहिलेला. पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्याखाली उतरण्याची, म्हणजे स्कूबाची, सोय आता मालवण-तारकर्लीला आहे. (१ मे १९८१ पर्यंत मालवण आपल्याच जिल्ह्यात होते, म्हणून मी ते अजून घरचेच समजतो.) सुट्टीत मी तीन-चार वेळा जाऊन आलो. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळचे प्रवाळ आणि मासे तर पाहिलेच, पण खरी करमणूक केली ती होडीतल्या सोबत्यांनी.

पहिल्या खेपेला तासगावकडचे एक द्राक्ष बागायतदार होते. टाकी पाहताच म्हणाले, "साहेब, हा तर आपला फवारणी पंप! औषध किती मिली घालायचं?" शिकवणाऱ्या पोराने समजावले की आत औषध नाही आणि ऑक्सिजनही नाही, आपली रोजचीच हवा आहे, सुमारे दोनशे बार दाबाने भरलेली. पाहुण्यांनी दाबाचा काटा चष्मा लावून तपासला, नळीचा सांधा ओढून पाहिला आणि मगच पाठ पुढे केली. होडीत ते ओझ्याने वाकले होते. पाण्यात उतरताच ओझे गेले. वर आल्यावर मला म्हणाले, "असा बिनवजनाचा पंप काढायला सांगा की तुमच्या खात्याला!"

दुसरे एक निवृत्त मास्तर. पाण्याखाली बोलता येत नाही, सगळे खुणांनी. तर्जनी आणि अंगठा जुळवून गोल केला की 'ठीक आहे', आणि अंगठा वर केला की 'मला वर न्या'. मास्तरांनी जन्मभर शाबासकी अंगठ्यानेच दिलेली. सुंदर मासा दिसला की ते अंगठा दाखवत, आणि पोरगा त्यांना लगेच वर आणी. तीनदा असे झाले. शेवटी तो हात जोडून म्हणाला, "मास्तरांनू, आंगठो दाखवलात म्हणजे वर चला." चौथ्या वेळी मास्तर दोन्ही हात पाठीमागे बांधून, वर्गात फिरल्यासारखे खाली गेले.

तिसरी गोष्ट हसण्याची खरी, पण तिच्यात जिवाचा प्रश्न होता. कराडकडचे एक नवे जोडपे आले होते. उतरण्यापूर्वी प्रकृतीचा कागद भरून द्यावा लागतो. त्यात 'दमा आहे काय?' या प्रश्नापुढे नवरदेवाने ठळक अक्षरात 'नाही' लिहिले. बायको शेजारीच होती. हळूच म्हणाली, "ह्यांच्या खिशात पण एक पंप आहे, तो विचारा."

होडीत हशा पिकला. पोरगा मात्र हसला नाही. वाचकहो, तो का हसला नाही ते समजून घ्या. पाण्यात दर दहा मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. दहा मीटरवर छातीत भरलेली हवा वर येईपर्यंत दुप्पट जागा मागते. म्हणून पहिला नियम असा की श्वास कधीही कोंडायचा नाही, सतत घेत-सोडत राहायचे. दम्याने श्वासनळ्या आवळल्या तर हवा आतच अडकते आणि फुप्फुस फाटू शकते. फार खोल पाण्यातच हे घडते असे नव्हे, उथळ पाण्यातही घडू शकते. दमेकऱ्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नये. सर्दीने कान बंद असतील तरी त्या दिवशी काठावरच बसावे.

नवरदेवाला होडीतच बसवले. "गावात काय सांगू?" एवढेच ते पुटपुटले, मग बायकोशी बोलणेच सोडले. ती एकटी उतरली, पोहता येत नसताना, पोराचा हात धरून. तो तिला सांगत होता, "ताई, घाबरू नकात, मी असंय."

वर आली ती डोळे विस्फारून. "अहो, पोपटासारखा हिरवा मासा, एवढा!" म्हणून तिने दोन्ही हात पसरले. पोरगा म्हणाला, पाण्याखाली वस्तू एक तृतीयांश मोठी दिसते, आणि त्याने तिचे हात जरा जवळ आणले. तेव्हा कुठे नवरदेवाने तोंड उघडले.

"तरी म्हटलं!"