अध्यापकाचा दुसरा वर्ग

माल खपविणें ही वाचाळांची विद्या, असा आपल्या सुशिक्षित घरांत ग्रह असतो. आमच्या मतें ती अध्यापनाचीच शाखा होय. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें अध्यापक होते. ती नोकरी सोडून ते बेळगावीं कारखानदार झाले. परंतु लोखंडी नांगरानें जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांस भीति! पहिले नांगर खपण्यास दोन वर्षें लागलीं. अडाणी म्हणून हिणविणें सोपें होतें, पटवून देणें कठीण. त्यांनीं कठीण तेंच पत्करिलें. पुढें १९१० सालीं औंध संस्थानांतील माळावर वसविलेल्या किर्लोस्करवाडींत त्यांनीं अस्पृश्यतेस थारा दिला नाहीं. तेव्हां घरांतील हुशार मुलानें व्यापाराचें नांव काढल्यास वडीलधाऱ्यांनीं कपाळास आठ्या घालूं नयेत. विद्यादानाचा वसा सुटत नाहीं. वर्ग तेवढा बदलतो.