तापल्यावरच अडखळणारं इंजिन

घरी बांधलेल्या छोट्या विमानाचं इंजिन अधूनमधूनच अडखळत असेल, तर ते निवल्यावर तपासून फारसं हाती लागत नाही. लायकमिंगच्या जुन्या धाटणीच्या इंजिनात दर सिलिंडरला दोन स्पार्क प्लग आणि इंजिनाला ठिणगी पुरवणारे दोन मॅग्नेटो असतात. उतरल्याउतरल्या एकेका मॅग्नेटोवर ते चालवून पाहावं. ज्यावर थरथरेल, त्यावरच थोडा वेळ चालवून बंद करावं आणि लगेच इन्फ्रारेड थर्मामीटरनं एक्झॉस्टचे पाइप मोजावेत. जो गार, त्या सिलिंडरचा त्याच मॅग्नेटोला जोडलेला प्लग काढून बघा. टोकांत विमानाच्या पेट्रोलमधल्या शिशाचा बारीक करडा खडा अडकलेला सापडू शकतो. सगळेच सिलिंडर चुकत असतील, तर माझा पहिला संशय मॅग्नेटोच्या कॉइलवर. तापली की तिचं इन्सुलेशन दगा देतं, निवली की पुन्हा ठणठणीत! म्हणून वर्कशॉपमध्येही ती तापवूनच तपासून घ्यावी.