लग्नसराईचा चंद्र
धर्मग्रामाचा हिवाळा : लेखांक सहावा

संत गोन्सालो गार्सिया यांच्याबद्दल आज लिहीन असे म्हटले होते. ते पुढच्या आठवड्यावर टाकतो. नंदाखालच्या एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे आणि त्यातला प्रश्न माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे. त्या लिहितात, "नाताळचा गोठा उतरवला की घरात लग्नपत्रिकांचा ढीग लागतो. गेल्या वर्षी मार्च लागेपर्यंत लग्ने निवांत चालली होती. यंदा फेब्रुवारीच्या मध्यालाच सगळे उरकायचे म्हणून एकेका रविवारी चार-चार घरी जावे लागते आहे. पुढच्या वर्षी माझ्या मुलाचे लग्न काढायचे आहे. हे कमी-जास्त दिवस ठरवते कोण?"

ठरवतो चंद्र. शिमग्याच्या होळीवर उगवतो तोच.

आधी या लग्नसराईच्या दोन टोकांबद्दल. वसईच्या वाड्यांत जुनी माणसे अजूनही सांगतात, तीन राजांचा सण झाला की लग्ने आणि राखेचा बुधवार आला की बंद. हा नुसता गावचा रिवाज नाही. १५६३ साली ट्रेंट येथील धर्मसभेने ठरवून दिले की नाताळपूर्वीचा आगमनकाळ सुरू झाल्यापासून ६ जानेवारीच्या तीन राजांच्या सणापर्यंत आणि राखेच्या बुधवारापासून ईस्टरनंतरच्या आठवड्यापर्यंत थाटामाटाचे विवाह होऊ नयेत. वसई तेव्हा पोर्तुगीजांकडे होती, १५३४ पासून. त्यामुळे युरोपात झालेला हा नियम आपल्या केळीच्या वाड्यांत रुजायला वेळ लागला नाही. पुढे १९१७ च्या धर्मसंहितेने पहिली बंदी नाताळच्या दिवसापर्यंत आणि दुसरी ईस्टरच्या दिवसापर्यंत आखडती घेतली. म्हणून २६ डिसेंबरपासूनची लग्ने नियमात बसू लागली. १९८३ च्या संहितेत तर ही बंदी उरलीच नाही. उपवासकाळात लग्न लावायचे झाले तर त्या काळाचे गांभीर्य राखा, एवढेच आता सांगितले जाते.

एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण तिच्याविषयी बराच गैरसमज आहे. या जुन्या नियमांनी लग्न कधीच पूर्णपणे अडवलेले नव्हते. अडवला होता तो समारंभ आणि नवदांपत्यावरचा खास आशीर्वाद. अडचणीच्या प्रसंगी उपवासकाळातही साधेपणाने विवाह लागू शकत असे. पण आपल्याकडे लग्न म्हणजे मांडव, हळद, बँड आणि अख्खी आळी जेवायला. समारंभ नाही म्हटल्यावर लग्नच नाही, असा गावाने अर्थ घेतला. कायदा गेला तरी गावाने तो सोडलेला नाही. मला हे फार आवडते. चाळीस दिवस आपल्या दारी बँड वाजू नये असे एखाद्या गावाला आपणहून वाटणे, ही मोठी गोष्ट आहे.

शेतीचीही या काळाला साथ आहे. भात कापून, झोडून घरात आलेले असते. कापलेली शेते मोकळी असल्याने मांडवाला जागा मिळते, नवा तांदूळ असतो, विहिरींना आणि बावखलांना गोडे पाणी असते, गारव्यामुळे रात्रीचा स्वयंपाक सकाळपर्यंत टिकतो. उन्हाळ्यात पाण्याची तंगी सुरू झाल्यावर हजार माणसांची पंगत उठवून पाहा, म्हणजे जुन्यांनी जानेवारी का धरला ते कळेल. ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांत लग्नाच्या आधी वाजतगाजत विहिरीवर जाऊन उंबराचे पाणी आणतात. तो विधी मला तरी भरल्या विहिरीवरच शोभतो असे वाटते.

आता मुख्य प्रश्न. सुरुवातीचे टोक पक्के आहे, ६ जानेवारी. (भारतात हा सण आता त्या सुमाराच्या रविवारी साजरा होतो, पण हिशोबाला आपण जुनीच तारीख धरू.) शेवटचे टोक, म्हणजे राखेचा बुधवार, दरवर्षी सरकते, कारण ते ईस्टरला बांधलेले आहे. ईस्टरपासून ४६ दिवस मागे गेले की राखेचा बुधवार येतो. उपवास चाळीस दिवसांचा, पण मधल्या सहा रविवारी उपवास नसतो, म्हणून ४६. आणि ईस्टर म्हणजे २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार. पौर्णिमा रविवारीच आली तर त्याच्या पुढचा.

घरातल्या भिंतीवरचे पंचांगवाले कॅलेंडर काढा. २१ मार्चपुढची पहिली पौर्णिमा कोणती येते ते बघा. ती एक तर फाल्गुनातली असते नाही तर चैत्रातली. म्हणजे ईस्टर बहुतेक वेळा येतो तो होळीच्या पाठोपाठ किंवा हनुमान जयंतीच्या पाठोपाठ. यंदा, २०२६ मध्ये, होळी ३ मार्चच्या सुमारास, म्हणजे २१ च्या बरीच आधी. ती बाद. पुढची पौर्णिमा २ एप्रिलची, हनुमान जयंती. त्यापुढचा रविवार ५ एप्रिल, ईस्टर. तिथून ४६ दिवस मागे, १८ फेब्रुवारी. गेल्या वर्षी हनुमान जयंती १२ एप्रिलला होती, ईस्टर (चर्चच्या हिशोबाने पौर्णिमा रविवारीच आल्याने) त्यापुढच्या रविवारी, २० एप्रिलला, आणि राखेचा बुधवार थेट ५ मार्चला. ७ जानेवारीपासून मोजले तर गेल्या वर्षी लग्नांना ५७ दिवस मिळाले, यंदा ४२. भगिनींची तक्रार अगदी बरोबर आहे.

चैत्राच्या पौर्णिमेवर ईस्टर असेल त्या वर्षी एक सोपी खूण मिळते. महाशिवरात्र झाली की आठवड्याभरात राखेचा बुधवार येतो. यंदा महाशिवरात्र १५ फेब्रुवारीला आणि बुधवार १८ ला. २०२२ मध्ये तर महाशिवरात्र १ मार्चला आणि राखेचा बुधवार दुसऱ्याच दिवशी होता. होळीच्या पौर्णिमेवर ईस्टर असेल त्या वर्षी मात्र हे सगळे एक महिना अलीकडे येते. दोन्ही प्रकारांत राखेचा बुधवार अमावास्येच्या आसपासच पडतो आणि शुभ शुक्रवार पौर्णिमेच्या आसपास. शुभ शुक्रवारी संध्याकाळी क्रूसाची वाट चालणाऱ्यांना पुष्कळदा चांदण्याचा आधार मिळतो तो यामुळेच.

मग होळी कधी लागू होते आणि हनुमान जयंती कधी? इथे अधिक महिना मदतीला येतो. अधिक महिना येऊन गेला की त्यापुढचा शिमगा उशिरा येतो. तो २१ मार्चच्या पलीकडे गेला, की ईस्टर त्यालाच धरतो आणि उपवासकाळ लवकर सुरू होतो. २०१२ मध्ये अधिक भाद्रपद होता, २०१३ ची होळी २७ मार्चच्या सुमारास आली आणि ईस्टर ३१ मार्चला. २०२३ मध्ये अधिक श्रावण, २०२४ चा ईस्टर पुन्हा ३१ मार्च. आपल्या पंचांगात साधारण १९ वर्षांत सात अधिक महिने येतात. चर्चच्या ईस्टर-गणितातही तेच १९ वर्षांचे चक्र आहे आणि त्यातही सातच जास्तीचे महिने. चंद्र आणि सूर्य यांचा मेळ घालायला बसले की कोणत्याही देशातला गणिती याच आकड्यांवर येऊन पोचतो.

या हिशोबातली माझी सर्वांत लाडकी जोडी २००८ आणि २०११ ची. २००८ ची होळी २१ मार्चला आली, बरोबर सीमेवर, आणि आत घेतली गेली. त्या वर्षी होळी आणि शुभ शुक्रवार एकाच दिवशी आले, ईस्टर २३ मार्चला, राखेचा बुधवार ६ फेब्रुवारीला. लग्नांना अवघे ३० दिवस. २०११ ची होळी १९ मार्चला आली. केवळ दोन दिवसांनी हुकली. चर्चला पुढच्या चंद्रापर्यंत थांबावे लागले, ईस्टर गेला २४ एप्रिलवर, राखेचा बुधवार ९ मार्चवर आणि लग्नांना मिळाले ६१ दिवस. होळी दोन दिवस इकडेतिकडे झाली आणि गावाची लग्नसराई दुप्पट झाली.

कॅलेंडर घेऊन बसलेल्यांना एक सावधगिरीची सूचना. चर्च आकाशातला चंद्र बघत नाही, तक्त्यातला बघते. हे तक्ते १५८२ च्या पंचांग सुधारणेच्या वेळी पक्के झाले. त्या कामात ख्रिस्तोफर क्लाव्हियस या येशूसंघीय गणितज्ञाचा मोठा वाटा होता. त्यांच्या गणितातली पौर्णिमा आणि खरी पौर्णिमा यांत कधी एखाद्या दिवसाचा फरक पडतो. एरवी त्याने काही बिघडत नाही, पण सीमेवर बिघडते. २०१९ मध्ये खरी पौर्णिमा २१ मार्चला सकाळी होती. आपल्या रीतीने ईस्टर २४ मार्चला यायला हवा होता. तक्त्यात मात्र ती २० मार्चला पडली, म्हणून बाद झाली आणि ईस्टर २१ एप्रिलला आला. तेव्हा पौर्णिमा २०, २१, २२ मार्चच्या आसपास दिसली, तर स्वतःच्या गणितावर हॉल ठरवू नका, फादरांना विचारा.

या सगळ्यात नावे वाचण्याचा भाग विसरता येत नाही. लग्नाआधी रविवारच्या मिस्साला वधूवरांची नावे वाचली जातात आणि कुणाला काही अडचण ठाऊक असेल तर सांगावे, असे विचारले जाते. रूढीने तीन वेळा. म्हणजे जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात लग्न असेल तर नावे आगमनकाळातच वाचली जायला लागतात, वेदीवर जांभळा रंग असताना. लोक एरवी सूचनांच्या वेळी चुळबुळ करतात, पण ही यादी सुरू झाली की देवळात पूर्ण शांतता. आखूड लग्नसराईच्या वर्षी ही यादी लांबत जाते आणि कोणत्या वाडीतली मुलगी कोणत्या आळीत चालली, हे सगळ्या गावाला एका दमात कळते. अर्ध्या गावाला मुंबईची नोकरी आणि सुट्टीचे वेळापत्रक सांभाळावे लागते, त्यामुळे मे महिन्यातली लग्ने आता पुष्कळ वाढली आहेत आणि त्याला इलाज नाही. तरी माझे मत विचाराल तर थंडीतले लग्न ते थंडीतले.

आता नंदाखालच्या भगिनींसाठी. यंदा १७ मेपासून अधिक ज्येष्ठ आहे. त्यामुळे २०२७ ची होळी २२ मार्चच्या पौर्णिमेला येईल, सीमेच्या एक दिवस आत. ईस्टर २८ मार्चला, राखेचा बुधवार १० फेब्रुवारीला. जुन्या हिशोबाने तुमच्या हाती ७ जानेवारी ते ९ फेब्रुवारी एवढे ३४ दिवस आहेत, यंदापेक्षाही कमी. त्यांत रविवार पाचच पडतात : १०, १७, २४, ३१ जानेवारी आणि ७ फेब्रुवारी. २६ जानेवारीची सुट्टी मंगळवारी आहे, तीही धरून ठेवा. शेवटच्या रविवारी गर्दी होणार हे नक्की. शिवाय फेब्रुवारीचा पहिला आठवडा संत गोन्सालो गार्सिया यांच्या सणाचा, त्या दिवसांत वसई किल्ल्याकडचे रस्ते आणि बँडवाले दोन्ही गुंतलेले असतात. १७ किंवा २४ जानेवारी बघा, आणि फादरांना व बँडवाल्यांना हा पावसाळा संपायच्या आत गाठा.

गोन्सालो गार्सिया पुढच्या आठवड्यात.