अवधूताच्या डोंगरावरचा फुलोरा

फाल्गुनात वसमतच्या शिवारात हळदीशिवाय दुसरा विषय नसतो. शिजवणं, वाळवणं, पॉलिश, मोंढ्यातला भाव. २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून इथल्या हळदीचं नाव आणखी लांब पोचलं आहे. या धांदलीत कोणी माहूरला जायचा विषय काढला, तर उत्तर ठरलेलं असतं: नवरात्रात जाऊ, नाहीतर दत्तजयंतीला. दर्शन केव्हाही घ्यावं. पण माहूरचा डोंगर पाहायचा असेल, तर होळी ते गुढीपाडवा हेच दिवस खरे. तेव्हा तो लांबून करडा, वाळलेला दिसतो आणि जवळ गेलं की फुललेला असतो.

माहूर नांदेड जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, पैनगंगेच्या खोऱ्यात आहे. रेणुकामाता, दत्तशिखर आणि अनसूया यांची ठाणी वेगवेगळ्या टेकड्यांवर, आणि भोवती पानगळीचं जंगल. सागाचा भरणा मोठा. त्यात पळस, मोह, चारोळी, टेंभुर्णी, आवळा, बेल, सीताफळ आणि ओढ्याकाठी उंबर.

ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर, पाऊस तीन महिने लांब असताना, ही झाडं फुलायचं बळ कुठून आणतात? उत्तर पानगळीतच आहे. पानांवाटे झाडाचं पाणी सतत हवेत जात असतं. पानं गळली की तो खर्च जवळजवळ थांबतो. मुळं मात्र बेसॉल्टच्या भेगांमध्ये उरलेली ओल शोषतच राहतात. खोडात पाणी पुन्हा साठतं आणि त्या साठ्यावर कळ्या फुटतात. उघड्या फांदीवरचं फूल मधमाश्यांना, पाखरांना लांबून दिसतं, हा दुसरा फायदा. आता धरलेलं फळ पावसाच्या तोंडाशी पिकतं आणि बी ओल्या मातीत पडतं, हा तिसरा.

पळसाचा केशरी रंग कोणाच्याही नजरेत भरतो. चारोळी मात्र शोधावी लागते. फांद्यांच्या टोकांना बारीक, पांढरट फुलांचे तुरे असतात. बासुंदीत पडणारा दाणा याच फुलापासून तयार होतो. मोहाचा कारभार रात्रीचा. वटवाघळं फुलांवर येतात आणि पहाटे गोड, मांसल पाकळ्यांचा सडा पडतो. किनवट-माहूर भागातल्या गोंड, कोलाम, आंध कुटुंबांसाठी ही वेचणी मोलाची असते. टेंभुर्णीत नराचं झाड वेगळं, मादीचं वेगळं. म्हणून एखादं झाड दरवर्षी फुलूनही फळत नाही, आणि त्याचा दोष मातीला देण्यात अर्थ नसतो.

आवळ्यापाशी जरा थांबा. चैत्रात डहाळ्यांवर हिरवट-पिवळी, मोहरीएवढी फुलं येतात. परागण होतं, फलन होतं, आणि पुढे सारा उन्हाळा काहीच होत नाही. इवलासा अंडाशय तसाच निजून राहतो. पाऊस स्थिरावल्यावर तो वाढू लागतो आणि कार्तिकात फळ तयार होतं. दत्तजयंतीला आपण जो आवळा खातो, त्याचं फूल चैत्रातलं असतं. पाणी नसताना फळ पोसायचं नाही, हा हिशेब त्या झाडात पक्का बसलेला आहे.

असं निरखणं या डोंगराला परकं नाही. माहूर दत्ताचं ठाणं, आणि नाथपंथीयांनाही महानुभावांनाही दत्त आपला वाटतो. भागवताच्या अकराव्या स्कंधात एक अवधूत आपले चोवीस गुरू सांगतो. परंपरेनं त्यालाच दत्तात्रेय मानलं, आणि नाथमहाराजांनी एकनाथी भागवतात तो प्रसंग मराठीत विस्तारानं आणला. त्या गुरूंमध्ये पृथ्वी, वारा, पाणी आहे. अजगर, पतंग, मधमाशी, कोळी आहे. चीनमध्ये ताओपंथीयांनीही डोंगरच निवडले. त्यांची मंदिरं असलेला वुदांग पर्वत १९९४ पासून जागतिक वारसा यादीत आहे. पाणी सगळ्यांच्या उपयोगी पडतं आणि खालची जागा पत्करतं, म्हणून त्याच्याकडून शिका, असं लाओ-त्झूच्या ग्रंथात सांगितलं आहे. दोन्हीकडचे साधक आधी बघत होते, मग बोलत होते. मला या परंपरेतली हीच गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते.

अवधूताचा शेवटचा गुरू एक माशी आहे. आपण जिला कुंभारीण म्हणतो, तिच्याच कुळातली. ती अळीला मातीच्या घरात कोंडते आणि अळी भीतीनं तिचं ध्यान करत तिचंच रूप घेते, असा तो दाखला. कीटकशास्त्र सांगतं की माशी डंख मारून अळीला लुळी करते, कोठीत ठेवते आणि तिथेच अंडं घालते. पिल्लू अळी खाऊन मोठं होतं आणि माशी होऊन बाहेर पडतं. अर्थ लावताना गफलत झाली. पण अळी आत गेली आणि माशी बाहेर आली, हे कोणीतरी शेवटपर्यंत पाहिलं होतं हे नक्की.

याच जातकुळीतली एक अगदी बारीक माशी दत्ताच्या झाडात, औदुंबरात, राहते. कोवळं उंबर नखानं फोडून पाहा. आतल्या भिंतीवर शेकडो फुलं दाटीनं बसलेली दिसतील. म्हणजे उंबराला फूल येतं, ते आतल्या बाजूला. फळाच्या टोकाला अरुंद तोंड असतं. त्यातून ही मादी आत शिरते. शिरताना तिचे पंख सहसा तुटतात आणि परतीची वाट संपते. सोबत आणलेले परागकण ती फुलांवर घालते आणि काही फुलांत अंडी घालून मरते. आखूड दांड्याच्या फुलांत बहुधा पिल्लं वाढतात, लांब दांड्याच्या फुलांत बी धरतं. काही आठवड्यांनी बिनपंखी नर आधी बाहेर येतात, माद्यांशी मिलन करतात, भिंत पोखरून वाट करतात आणि तिथेच संपतात. माद्या त्याच फळातले पराग घेऊन उडतात. हातात एक-दोन दिवस असतात, तेवढ्यात वासाच्या मागानं दुसरं कोवळं उंबर गाठायचं.

म्हणून साऱ्या उंबरांनी एकाच वेळी फळून चालत नाही. एक झाड पिकलेलं असताना दुसरं कोवळं हवं. परिसरात पुरेशी झाडं असली की वर्षभर कुठे ना कुठे उंबर असतंच, आणि इतर रानमेवा संपतो तेव्हा हरियाल, धनेश, वटवाघळं, माकडं त्यावर तगतात. यातच धोकाही आहे. झाडं तुरळक झाली की माशीची साखळी तुटते, आणि राहिलेली उंबरं माशीविना फळ न धरताच झडतात.

पारावरचं एकटं उंबर आपण पूजतो. ओढ्याकाठची, बांधावरची मात्र बिनदिक्कत तोडतो. माहूरला फाल्गुनात जरूर जा. वाळल्या पाल्यात विडी-काडी टाकू नका आणि चारोळीची फांदी मोडू नका. परत आल्यावर आपल्या शिवारातली उंबरं मोजा आणि ती कमी भरली, तर येत्या आषाढात ओढ्याच्या कडेला चार लावा.