मराठी वेबपानावर प्रश्नचिन्हें कां येतात ?

छावणींतील आमचे कांहीं विद्यार्थी हल्लीं मराठी वेबपानें तयार करूं लागले आहेत, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु त्यांची एक तक्रार वारंवार आमच्या कानीं येते. प्रोग्रॅममध्यें ‘एन्कोडिंग’ हें सेटिंग यूटीएफ-८ असें ठेवावें, आणि दुसऱ्या दिवशीं जुनें पान उघडावें तों सेटिंग पूर्ववत् झालेलें असतें व अक्षरांच्या जागीं भलतींच चिन्हें दिसतात. याचें कारण येथें थोडक्यांत पाहूं.

संगणक अक्षर जाणत नाहीं, अंक जाणतो. १९९१ सालच्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तींत देवनागरीस स्वतंत्र क्रमांक मिळाले. त्यांत ‘म’चा क्रमांक २३५० होय. १९९२ सालीं केन टॉम्प्सन व रॉब पाइक यांनीं योजिलेल्या यूटीएफ-८ पद्धतीनें हा ‘म’ २२४, १६४ व १७४ अशा तीन बाइटांत लिहितात. जुन्या पाश्चात्त्य पद्धतींत प्रत्येक बाइट म्हणजे एक चिन्ह. म्हणून त्या पद्धतीनें वाचतांच एका ‘म’चीं तीन निरर्थक चिन्हें होतात.

प्रोग्रॅमच्या सेटिंगमधील बदल बहुधा नव्या पानांपुरताच असतो. जुन्या पानाच्या शिरोभागीं त्याची स्वतःची ‘चारसेट’ची ओळ असते, आणि प्रोग्रॅम तीच प्रमाण मानितो. तेव्हां ती ओळ सुधारावी, व ती पहिल्या १०२४ बाइटांच्या आंत ठेवावी. पान टेम्प्लेटवरून केलें असल्यास सुधारणा टेम्प्लेटमध्येंच करावी. नाहीं तर जुनी ओळ परत येईल. एवढ्यानेंहि ब्राउझरमध्यें दोष राहिला, तर सर्व्हर कोणती पद्धत कळवितो तें पाहावें. पानांतील ओळीपेक्षां त्याचा शब्द वरचढ असतो.

मात्र एक भेद नीट ध्यानांत ठेवावा. भलतीं चिन्हें दिसलीं तरी फाइलींतील बाइट शाबूत असतात; सेव्ह न करितां योग्य पद्धत निवडली कीं मजकूर परत दिसतो. पण मराठी मजकूर जुन्या पद्धतीनें सेव्ह केला, तर तींत देवनागरीस जागाच नसल्यामुळें पुष्कळदां प्रत्येक अक्षराबद्दल प्रश्नचिन्हाचा ६३ हा एकच अंक लिहिला जातो. मग वर्गाच्या यादींतील सर्व नांवें सारखींच होतात, आणि कोणतेंहि सेटिंग तीं परत आणूं शकत नाहीं. यास्तव सेव्ह करण्यापूर्वीं सेटिंग पाहावें, आणि मूळ फाइलीची एक प्रत निराळी ठेवावी.